मशीनचं पाणी आणि घरचं पाणी

उद्यमबागेत किंवा मच्छेच्या बाजूला ज्यांच्या घरातलं कोणीच कधी कामाला गेलेलं नाही, अशी कुटुंबं बेळगाव परिसरात तशी कमीच. फौंड्री म्हणा, लेथ म्हणा, मिलिंग म्हणा, लोखंडाचं काम आपल्याकडे घराघरात शिरलेलं आहे. त्यामुळे कूलंट हा शब्द बायकामुलांनाही नवा नाही. कुणाला तो दुधासारख्या पांढऱ्या पाण्यामुळे माहीत असतो, तर कुणाला संध्याकाळी घरी आलेल्या माणसाच्या शर्टाच्या वासामुळे.

माझी आई वडिलांचे कामावरचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. त्या बादलीला आम्ही मुलांनी हात लावायचा नाही, असा दंडक होता. याचं कारण तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. वडिलांच्या हातांकडे बघून ती ते शिकली होती. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत बारा महिने भेगा असत. थंडी सुरू झाली की त्यांतून रक्त यायचं. आमटी-भाकरी कालवताना तिखट झोंबायचं, म्हणून आमच्या घरात चमच्यानं जेवणारा माणूस एकच, तो म्हणजे वडील. पाहुण्यांना वाटायचं, हे काय साहेबी थाट! खरी गोष्ट आम्हालाच ठाऊक होती.

पुढे मीही टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. तिथे कूलंटचं पिंप यायचं, टाकीत ओतलं जायचं, संपलं की दुसरं यायचं. कोणतं आणायचं हे ठरवणारे वेगळे, वापरणारे वेगळे. निवृत्तीनंतर मी घरामागच्या शेडमध्ये एक लहान मिलिंग मशीन बसवलं. वडगाव-खासबागच्या बाजूच्या पॉवरलूमवाल्यांना लागणारे बारीकसारीक सुटे भाग त्यावर करतो. ब्रॅकेट, कॅम, बुश, एखादी झिजलेली पट्टी. मशीन मांडून झालं, लेव्हल झाली, व्हाइस बसला आणि मग प्रश्न आला कूलंटचा. या वेळी ठरवणारा मीच होतो, वापरणारा मीच होतो. आणि शेडपासून अठरा फुटांवर आमची विहीर आहे. तिचं पाणी आम्ही पितो, शेजारचं घरही पितं.

आजकाल पुष्कळ जण घरी छोटी मशीनं घेतात. कुणी निवृत्त झालेले, कुणी डिप्लोमा झालेली पोरं. मशीन कोणतं घ्यावं यावर तासन् तास चर्चा होते, पण त्यावर काय ओतायचं यावर कोणी बोलत नाही. म्हणून आमच्या घरात हा विषय कसा मार्गी लागला ते सांगतो.

आधी कूलंट करतं काय ते पाहू. धातू कापताना कटरच्या टोकाशी भयंकर उष्णता निर्माण होते. ती वाहून नेणं हे पहिलं काम. कटर आणि धातू यांच्यातलं घर्षण कमी करणं हे दुसरं. कापलेला कीस खाचेतून बाहेर ढकलणं तिसरं, आणि जॉबला व मशीनला गंज येऊ न देणं चौथं. उष्णता नेण्यात पाण्याचा हात कुणी धरू शकत नाही. सारख्या वजनाचं तेल आणि पाणी घेतलं, तर पाणी तेलाच्या दुपटीहून थोडी जास्तच उष्णता पोटात घेतं. पण पाण्यानं गंज येतो आणि त्याला तेलासारखा बुळबुळीतपणाही नाही. अमेरिकेतला फ्रेडरिक टेलर हा इंजिनिअर 1880 च्या दशकात फिलाडेल्फियातल्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात याचेच प्रयोग करत होता. हत्यार जिथे धातू कापतं, नेमक्या तिथे पाण्याची जाड धार सोडली तर पोलाद कापण्याचा वेग तीस ते चाळीस टक्क्यांनी वाढवता येतो, हे त्याने दाखवलं. गंज येऊ नये म्हणून त्या पाण्यात सोडा घातलेला असे. आजचं पांढरं कूलंट त्याच विचाराची पुढची पायरी आहे. पाणी थंड करायला, तेल वंगणाला आणि दोघांना एकत्र नांदवायला साबणासारखा पदार्थ.

एक खुलासा इथेच करतो, कारण दोन-तीन जणांनी मला हे विचारलं आहे. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते कूलंट वेगळं आणि हे वेगळं. रेडिएटरच्या कूलंटमध्ये सहसा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर आणि पोटात गेलं तर जीवघेणं. पेट्रोल पंपावर मिळणारा तो डबा मिलिंग मशीनसाठी आणू नये.

आता आमच्या घरातली माणसं. मुलगा हुबळीला सीएनसी मशीनवर काम करतो, शनिवारी रात्री घरी येतो. सून आणि चार वर्षांचा नातू इथेच असतात. नातवाला सर्दी झाली की छातीत घरघर सुरू होते. डॉक्टरांनी धूर, उदबत्ती, उग्र वास यांपासून जपायला सांगितलं आहे. आणि आमची मंडळी बैलहोंगलची. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलते, पण तोडून टाकायचं असलं की कन्नडात बोलते.

मुलाचं म्हणणं असं, "बाबा, मिस्ट लावूया की. हवेच्या झोतात जरासं कूलंट. टाकी नको, पंप नको, शेडमध्ये चिकचिक नको." ऐकायला हे फार सोयीचं वाटतं. पण या पद्धतीत कूलंटचे इतके बारीक कण होतात, की ते खाली न पडता हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट छातीत जातात. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेनं 1998 मध्ये कारखान्यांसाठी जी मर्यादा सुचवली, ती एका घनमीटर हवेत अर्धा मिलिग्रॅम इतकी कमी आहे. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या एका मोटार इंजिन कारखान्यात 2003-04 च्या सुमारास ऐंशीहून अधिक कामगारांना दम्यासारखे छातीचे विकार झाले आणि त्याचा संबंध कूलंटच्या दूषित तुषारांशी जोडला गेला. तिथे तर मोठमोठ्या शेड होत्या, तपासणी करणारी माणसं होती. आमच्या शेडला एक खिडकी, आणि ती उघडते स्वयंपाकघराच्या दिशेनं. मुलाला मी एवढंच म्हटलं, "तुझ्या कारखान्यातल्या मशीनला दार आहे आणि धूर ओढून घेणारा पंखा आहे. आपल्या मशीनला दार नाही. दाराच्या आत नव्हे, दाराबाहेर तुझा पोरगा आहे." तो गप्प झाला.

मग राहिली कारखान्यासारखी धार. खाली टाकी, त्यात पंप, वर नळी, गेलेलं पाणी परत टाकीत. कामाच्या दृष्टीनं ही पद्धत उत्तमच. पण आमच्या मशीनला चारी बाजूंनी पत्रा नाही. कटर फिरला की पाणी भिंतीवर, मोटरवर, फरशीवर उडणार. लहान मशीनच्या मोटरी बहुधा पाण्यापासून बंदिस्त नसतात. ज्यांना धारच हवी असेल त्यांनी अर्थिंग आणि तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी यांशिवाय पंप लावूच नये. शिवाय टाकीत पंधरा-वीस लिटर कूलंट साठणार आणि एक दिवस ते खराब होणार. मग ते कुठे ओतायचं? हा प्रश्न मंडळींनी विचारला. तिनं बोट विहिरीकडे केलं आणि म्हणाली, "बावी नीर केट्टर?" विहिरीचं पाणी नासलं तर? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असू शकतही नाही. तेल एकदा जमिनीत मुरलं की ते परत काढता येत नाही.

तेव्हा आम्ही उलट्या बाजूनं विचार सुरू केला. जास्तीत जास्त चांगलं कूलंट कोणतं, असं न विचारता, कमीत कमी किती कूलंटात काम निभतं, असं विचारलं. घरच्या मशीनला हे शक्य आहे, कारण आपल्याला घाई नाही. कारखान्यात मिनिटाचा हिशेब असतो. मी दहा मिलिमीटरचा एचएसएस एंड मिल साध्या पोलादावर मिनिटाला आठशे फेऱ्यांच्या आसपास चालवतो आणि हलका काप घेतो. उष्णता मुळातच कमी.

माझं निम्म्याहून अधिक काम बिडाचं. बेळगावच्या माणसाला हे सांगायला नको, की बीड कोरडंच कापावं. बिडात मुळातच ग्रॅफाइट असतं, ते वंगणाचं काम करतं. त्यावर पाणी ओतलं तर भुकटीचा काळा चिखल होतो आणि तो मशीनच्या स्लाइडमध्ये शिरून सहाणेसारखा घासतो. पण कोरडं म्हणजे भुकटी उडणारच. तिथे हवेचा झोत मारायचा नाही. व्हॅक्यूमनं ओढायची, तोंडाला मास्क लावायचा, आणि स्लाइडवर जुन्या रेक्झिनचं झाकण टाकायचं. पितळेचे बुशही कोरडेच होतात. पितळेवर गंधक असलेलं कटिंग ऑइल तर मुळीच लावू नये, डाग पडतात.

ॲल्युमिनियमची तऱ्हा वेगळी. ते कटरच्या धारेला चिकटतं. एकदा चिकटलं की पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा येतो. जुने कारागीर यावर रॉकेल लावत. काम छान होतं, पण रॉकेल चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, आणि वासाचं तर बोलायलाच नको. घरात लहान मूल असताना ते नको. मी ॲल्युमिनियमसाठी बनवलेलं पातळ कटिंग ऑइल ब्रशनं लावतो. एका जॉबला चमचाभर पुरतं. खोबरेल तेलही चालतं. टॅप मारायला मी तेच वापरतो. फक्त काम झाल्यावर लगेच पुसावं, नाहीतर वनस्पती तेलं खवट होतात आणि डिंकासारखी धरून बसतात.

राहता राहिलं साधं पोलाद, म्हणजे एमएस. इथे मुलगा आणि मी दोघांनी एका रविवारी परीक्षा घेतली. एकच पट्टी, एकच कटर, तीन खाचा. पहिली कोरडी, दुसरी ब्रशनं तेल लावून, तिसरी थेंबाथेंबानं कूलंट सोडून. कोरड्या खाचेत कीस पिवळसर-तपकिरी झाला आणि कडांना बर आली. ब्रशच्या खाचेत वरचा थर छान, पण खाच खोल गेल्यावर कीस आतच अडकला आणि पुन्हा पुन्हा कापला जाऊ लागला. थेंबांची खाच तळापर्यंत स्वच्छ आली, फक्त कीस मधूनमधून ब्रशनं ओढून काढावा लागला. मुलाच्या बोलण्यात तथ्य होतं ते एवढंच, की खोल खाचेत कीस बाहेर काढायला काहीतरी हवं. ते काम ब्रशनं भागलं. ब्रश फिरत्या कटरच्या मागच्या बाजूनं धरायचा, आणि हातात मोजे घालून कधीच नाही. मोजा कटरमध्ये अडकला तर हातही जातो. मोजे कूलंट कालवताना आणि ट्रे धुताना.

थेंब सोडायला साधन कोणतं? औषधाच्या दुकानात मिळणारा सलाईनचा नवा सेट. त्यावरचं चाक फिरवलं की थेंब कमीजास्त होतात. सेटवर वीस थेंबांना एक मिलिलिटर असं छापलेलं असतं. सेकंदाला दोन थेंब सोडले, तर मिनिटाला सहा मिलिलिटर, आणि तासाला तीनशे साठ. म्हणजे अख्ख्या रविवारच्या कामाला दोन लिटर कूलंट पुरून उरतं. बाटली मशीनशेजारच्या खांबाला टांगली आहे. टेबलाखाली दोन इंच उंच काठाचा पत्र्याचा ट्रे. वीज नाही, पंप नाही. नातू त्याला "मशीनला सलाईन लावलंय" म्हणतो.

आता कूलंट कोणतं घ्यायचं. बाजारात ढोबळमानानं चार जाती. नुसतं तेल, पाण्यात कालवून दुधासारखं होणारं सोल्युबल ऑइल, थोडं तेल आणि बाकी रसायनं असलेलं सेमी-सिंथेटिक, आणि तेलच नसलेलं सिंथेटिक. सोल्युबल ऑइल स्वस्त आणि वंगणाला चांगलं, पण लवकर नासतं. सिंथेटिक जास्त टिकतं, पण त्यानं लहान मशीनच्या स्लाइडवरचं तेल धुऊन जातं आणि काही रंगही सुटतात. मी सेमी-सिंथेटिक घेतलं. सुटं, बिनलेबलाच्या बाटलीतलं घ्यायचं नाही. दुकानदाराकडे सुरक्षा माहितीपत्रक मागायचं. त्यात दोन गोष्टी पाहायच्या. नायट्राइट नसावं, कारण अमाइनशी त्याचा संयोग होऊन कर्करोगाला कारण ठरू शकणारी नायट्रोसमाइन तयार होतात. आणि क्लोरीनयुक्त पॅराफिन नसावं. यातल्या एका गटावर 2017 मध्ये स्टॉकहोम कराराखाली जागतिक निर्बंध आले आहेत.

कालवण्याआधी पाणी. मी तीन काचेच्या बाटल्या खिडकीत मांडल्या. एकीत राकसकोपचं नळाचं पाणी, दुसरीत विहिरीचं, तिसरीत शेजारच्या बोअरचं. प्रत्येकीत सारखंच कूलंट घातलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी नळाच्या पाण्याची बाटली जशीच्या तशी होती, विहिरीच्या बाटलीत वर पातळ साय, आणि बोअरच्या बाटलीत दही फुटल्यासारखे पुंजके. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची साबणाशी गाठ पडते आणि इमल्शन फुटतं. ज्यांच्याकडे फक्त बोअर आहे त्यांनी पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी त्यात मिसळावं. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र नको, ते आणखी जड असतं.

कालवण्याचा नियम एकच. पाण्यात कूलंट ओतायचं, कूलंटमध्ये पाणी नाही. उलट केलं तर ते घट्ट गोळ्यासारखं बसतं आणि नंतर कितीही घुसळलं तरी नीट मिसळत नाही. प्रमाण वीसास एक, म्हणजे दोन लिटर पाण्याला शंभर मिलिलिटर. फार पातळ झालं तर गंज आणि नास, फार दाट झालं तर कातडीला त्रास आणि जॉबवर चिकट थर. माझ्या कामात हा थर महत्त्वाचा. पॉवरलूमच्या भागावर तेलकट अंश राहिला आणि साडीला डाग पडला, तर विणकराचं नुकसान होतं. म्हणून जॉब देण्याआधी साबणपाण्यानं धुऊन, वाळवून, कोरड्या फडक्यात गुंडाळून देतो.

प्रमाण बरोबर आहे की नाही हे कळायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. नाव मोठं, पण उसाच्या पट्ट्यातल्या लोकांना तो चांगला ओळखीचा आहे. ऊस पक्व झाला का हे पाहायला रसाचा ब्रिक्स ज्या नळीतून बघतात, तीच ती नळी. आमचा मेहुणा गोकाककडे ऊस लावतो, त्याच्याकडून मी आणली. रसाचा ब्रिक्स अठरा-वीसच्या घरात असतो, कूलंटचा चार-पाचच्या. आलेल्या आकड्याला कंपनीनं दिलेल्या गुणकानं गुणायचं. मेहुणा म्हणाला, "भावजी, तुमच्या उसाला साखर नाही हो!"

खरी कसोटी वासाची. बंद पडून राहिलेल्या कूलंटवर मशीनचं तेल तरंगतं, हवा आत जात नाही, आणि हवेशिवाय जगणारे जंतू वाढून कुजक्या अंड्यासारखा वास सोडतात. कारखान्यात सुटीनंतरच्या सकाळी हा वास सगळ्यांनी घेतलेला असतो. त्यावर काही जण डेटॉल, फिनेल, ब्लीचिंग पावडर टाकतात. हे करू नये. वास झाकला जातो, जंतू राहतात, आणि कातडी जळते ती वेगळीच. मी ट्रेमधलं कूलंट फडक्यातून गाळतो, लोहचुंबक फिरवतो, वरचं तेल कागदानं टिपतो आणि पीएच पट्टी बुडवतो. साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान असेल तर पुन्हा वापरतो. खाली उतरलं तर टाकून देतो. पट्टीच्या आधी निकाल मंडळींच्या नाकानं लागतो. स्वयंपाकघरातून हाक आली, "वासनी बंतु री," की मी पट्टी काढतच नाही.

टाकून देतो म्हणजे कुठे? उथळ घमेल्यात ओतून पत्र्यावर उन्हात ठेवतो, वर जाळी. चार-सहा दिवसांत पाणी उडून जातं आणि तळाला काळसर घट्ट तेल उरतं. ते डब्यात साठवतो. डबा भरला की ओळखीच्या कारखान्यात त्यांच्या वापरलेल्या तेलाच्या पिंपात जातो, तिथून परवानाधारक माणूस उचलतो. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत वापरलेलं तेल आणि तेलमिश्रित कचरा येतो, तेव्हा हा काही माझा अतिशहाणपणा नाही. तुरटी टाकून इमल्शन फोडता येतं, तेल वेगळं होतं, पण खालचं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी स्वच्छ नसतं. ते गटारात किंवा झाडाला घालू नये. तेलकट फडकी, ट्रे पुसलेले कागद हेही त्याच डब्याबरोबर.

एक अट मंडळींनी पहिल्याच दिवशी घातली होती. कालवलेल्या कूलंटची बाटली मी ओट्याच्या कडेला ठेवली, तर ती पाहून म्हणाली, "इदु मज्जिगी अल्ल अंत हुडुगग यार हेळबेकु री?" हे ताक नाही असं पोराला कोण सांगणार? तेव्हापासून पिण्याच्या पाण्याची, सरबताची, ताकाची कोणतीही बाटली शेडमध्ये येत नाही. कूलंट एकाच निळ्या कॅनमध्ये, झाकण पक्कं, कॅन वरच्या फळीवर. कॅनवर सुनेनं दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, "हे पिण्याचं नाही" आणि "कुडियुव नीरल्ल". नातू अजून वाचत नाही, म्हणून तिनं खाली लाल फुलीही काढली आहे.

माझे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजतात. ते मी स्वतः धुतो, वॉशिंग मशीनमध्ये टाकत नाही. हात रॉकेलनं किंवा लाकडाच्या भुश्शानं घासायचे नाहीत, साध्या साबणानं धुऊन कोरडे पुसायचे आणि खोबरेल लावायचं. कूलंट कातडीचं स्वतःचं तेल काढून घेतं आणि धातूचे बारीक कण तिला ओरखडे काढतात, मग भेगा पडतात. वडिलांच्या वेळी हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ते रोज रॉकेलनंच हात धुवायचे आणि भेगा आणखी वाढायच्या. नातू "आज्जा" म्हणत पायाला येऊन चिकटला तरी आधी हात धुतल्याशिवाय मी त्याला उचलत नाही, आणि तोही आता हात वास घेऊन तपासतो.

आमच्याकडे याचं वेळापत्रकही आपोआप बसलं आहे. मृग लागला की बेळगावचा पाऊस चार महिने ऊन दिसू देत नाही. घमेल्यातलं कूलंट वाळत नाही, आणि ओलसर हवेत मशीनवर पाण्याचा थेंबही नको असतो. म्हणून मे अखेरीस ओलं काम बंद. पावसाळ्यात फक्त बीड, पितळ आणि ब्रशचं तेल. रोज संध्याकाळी टेबल पुसून स्लाइडवर तेलाचा हात. खंडेनवमीला, म्हणजे मंडळींच्या आयुधपूजेला, मशीन एरवीही धुवायचंच असतं. त्याच दिवशी ट्रे घासतो, सलाईनचा सेट नवा लावतो, टी-स्लॉटमधला कीस खरवडून काढतो. सून हळद-कुंकू लावते, मंडळी लिंबू ठेवते. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी दोन लिटर नळाच्या पाण्यात शंभर मिलिलिटर कूलंट पुन्हा कालवलं जातं. गेल्या वर्षी मोजलं तर सबंध हंगामात सव्वा लिटर मूळ कूलंट संपलं होतं. विहिरीचं पाणी मी दर उन्हाळ्यात काचेच्या ग्लासात धरून बघतो आणि वास घेतो, आणि शेजारच्या काकूंनाही एक ग्लास देतो.